फिर्यादीचा कागद

2022 च्या ऑगस्ट महिन्यात जांब समर्थच्या राम मंदिरातून मूर्ती चोरीला गेल्या. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान. त्यामुळे ही चोरी एका मंदिरापुरती राहिली नाही. विधानसभेत प्रश्न उपस्थित झाला, तपासाला वेग आला आणि ऑक्टोबरमध्ये जालना पोलिसांनी आरोपींना अटक करून मूर्ती हस्तगत केल्या. गावाने सुटकेचा श्वास सोडला.

पण त्याच तालुक्यात विहिरीवरची मोटार जाते, ठिबकच्या नळ्या जातात, गोठ्यातली शेळी जाते, बांधावरून डोकी फुटतात. या तक्रारी विधानसभेत पोहोचत नाहीत. त्या पोहोचतात फक्त ठाण्यातल्या टेबलापर्यंत. तिथे बसलेला अंमलदार त्या माणसाशी कसा बोलतो, काय लिहून घेतो आणि हातात कोणता कागद देतो, त्यावर घनसावंगीतल्या सामान्य माणसाचे पोलिसांविषयीचे मत ठरते. ‘पोलीस सेवेबद्दल जनतेचे समाधान’ हा अहवालांतला शब्दप्रयोग गावात अशा छोट्या छोट्या पायऱ्यांनी बनतो. त्या पायऱ्या एकेक करून पाहू.

ठाण्याच्या आधी: गावातला पोलीस पाटील

महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम 1967 नुसार गावोगावी पोलीस पाटील असतो. गावातल्या गुन्ह्याची, संशयास्पद मृत्यूची, तणावाची खबर ठाण्याला देणे हे त्याचे काम. ठाण्याची हद्द बीटमध्ये वाटलेली असते आणि प्रत्येक बीटला एक हवालदार नेमलेला असतो. गावात त्याला अजूनही ‘जमादार’ म्हणतात. पोलीस पाटील आणि बीट हवालदार ही जोडी चांगली असेल तर निम्मे तंटे ठाण्यापर्यंत जातच नाहीत. 2007 मध्ये आर. आर. पाटील गृहमंत्री असताना सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम याच विचारावर उभी होती.

मात्र एक मर्यादा नीट समजून घ्यायला हवी. गावातली तडजोड बांधाच्या भांडणाला चालते. बलात्कार, हुंड्यासाठी छळ, लहान मुलांवरचा अत्याचार, जातीवरून झालेला अत्याचार ही प्रकरणे ‘गावातच मिटवू’ म्हणून दाबता येत नाहीत. तिथे पोलीस पाटलाचे काम मिटवण्याचे नसून खबर देण्याचे आहे.

तातडीच्या वेळी 112 हा क्रमांक आहे. बँक खात्यातून पैसे गेले असतील तर 1930. या दुसऱ्या क्रमांकाला उशीर चालत नाही. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतात, म्हणून पहिल्या काही तासांत फोन गेला तर ते गोठवता येण्याची शक्यता जास्त. आधी ठाण्यात जाऊ, मग बघू, असा विचार इथे करू नये.

पहिली पायरी: दखलपात्र की अदखलपात्र?

समजा, एका शेतकऱ्याची पाणबुडी मोटार रात्रीतून गेली. सकाळी तो ठाण्यात येतो. ठाणे अंमलदार त्याचे ऐकतो आणि मनाशी एक प्रश्न सोडवतो: हा गुन्हा दखलपात्र आहे की अदखलपात्र? पुढचे सगळे या उत्तरावर ठरते आणि बहुतेक नाराजीही इथेच जन्माला येते.

दखलपात्र गुन्ह्यात पोलीस स्वतःहून तपास करू शकतात. त्याची नोंद म्हणजे प्रथम खबरी अहवाल, आपल्या बोलीत ‘एफआयआर’. अदखलपात्र गुन्ह्यात पोलीस फक्त नोंद घेतात, फिर्यादीला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगतात आणि त्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. यालाच लोक ‘एनसी केली’ म्हणतात. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यात पहिली गोष्ट कलम 173 मध्ये आहे, दुसरी कलम 174 मध्ये.

चोरीच्या बाबतीत नव्या कायद्यात एक बारीक पण मोठा फरक आहे. साध्या चोरीत गेलेल्या मालाची किंमत 5,000 रुपयांपेक्षा कमी असेल तर तो गुन्हा आता अदखलपात्र धरला जातो. म्हणून मोटारीसोबत केबल आणि स्टार्टरही गेला असेल तर तेही सांगायला हवे. खरेदीची पावती असेल तर ती सोबत न्यावी. किंमत फुगवून सांगू नये, तशी विसरून कमीही सांगू नये. राहत्या घरातली चोरी हा वेगळा आणि अधिक गंभीर गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 मध्ये आता प्रार्थनास्थळातील मूर्तीची चोरीही स्पष्ट शब्दांत आली असून तिला 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जांब समर्थची चोरी झाली तेव्हा जुनी दंड संहिता होती. तिच्यात मूर्तीचोरीचा असा वेगळा उल्लेख नव्हता.

मारामारीतही असेच. शिवीगाळ, धमकी, किरकोळ मार ही सहसा ‘एनसी’ होते. हत्याराने इजा झाली, हाड मोडले, तर दखलपात्र. हा फरक ठाण्यात बसून करता येत नाही. तो ग्रामीण रुग्णालयाच्या दाखल्यावरून ठरतो. म्हणून मार लागला असेल तर ठाण्यातून पत्र घेऊन लगेच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. सकाळी ‘एनसी’ झालेले प्रकरण दाखला आल्यावर दखलपात्र होऊ शकते.

जे काम पोलिसांचे नाही

ठाण्यातून माणूस चिडून परत येतो त्याचे एक कारण असे की त्याने चुकीचे दार ठोठावलेले असते. बांध कोरला, शेतरस्ता अडवला, वाटणीत फसवले, उसने पैसे परत दिले नाहीत. हद्द कुणाची हे पोलीस ठरवू शकत नाहीत. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा लागतो. अडवलेल्या रस्त्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. उसनवारीचा वाद दिवाणी न्यायालयाचा.

पोलिसांचे काम सुरू होते ते भांडण हातघाईवर येण्याची भीती असते तेव्हा. अशा वेळी दोन्ही बाजूंवर शांतता राखण्यासाठी प्रतिबंधक कारवाई होते, जिला लोक ‘चॅप्टर केस’ म्हणतात. चांगला ठाणे अंमलदार इथे नुसते ‘हे आमचे काम नाही’ म्हणून माणसाला बाहेर काढत नाही. तो सांगतो, ‘काका, मोजणीचा अर्ज इथे करा, आणि धमकी दिली तर लगेच मला कळवा.’ या दोन वाक्यांना एक मिनिट लागते. माणूस मोकळ्या हाताने परततो, पण रिकाम्या मनाने नाही.

दुसरी पायरी: नोंद आणि प्रत

गुन्हा दखलपात्र असेल तर नोंदवणे ही पोलिसांची मर्जी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ललिताकुमारी प्रकरणात 12 नोव्हेंबर 2013 रोजी हे स्पष्ट केले. नागरिक सुरक्षा संहितेत 3 वर्षांपासून 7 वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत, पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने, 14 दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. ‘चौकशी चालू आहे’ असे उत्तर मिळाले तर ही परवानगी घेतली आहे का आणि 14 दिवस कधी संपतात, एवढे विचारण्याचा हक्क फिर्यादीला आहे.

हद्दीचे कारणही आता चालत नाही. घटना परतूरच्या हद्दीत घडली आणि माणूस घनसावंगीच्या ठाण्यात आला, तरी फिर्याद घ्यावी लागते. तिला ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. ती नंतर योग्य ठाण्याकडे वर्ग होते. फिर्याद इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येते, मात्र 3 दिवसांत सही करावी लागते.

लिहून झाल्यावर फिर्याद वाचून दाखवली पाहिजे. ज्याला वाचता येत नाही त्याने ‘पुन्हा एकदा वाचा’ म्हणायला संकोचू नये. तारीख, वेळ, जागा, माल आणि संशयिताचे नाव या पाच गोष्टी बरोबर आहेत का, एवढे पाहून मगच सही किंवा अंगठा करावा. नंतर एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती मागायची नसते, पोलिसांनी द्यायची असते. तरीही मिळाली नाही तर मागून घ्यावी. नुसता अर्ज दिला असेल तर त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. गावात याला ‘पोच’ म्हणतात. पोच नसलेला अर्ज पुढे कुठेच उपयोगी पडत नाही.

महिलांवरील लैंगिक गुन्ह्यांत जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो. अशा ठरावीक गंभीर गुन्ह्यांची खबर नोंदवायला नकार देणाऱ्या लोकसेवकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम 199 खाली 6 महिने ते 2 वर्षे सश्रम कारावासाची तरतूद आहे. आणखी एक नियम फार कमी लोकांना ठाऊक आहे. साक्षीसाठी कोणत्याही महिलेला, 15 वर्षांखालील मुलाला, 60 वर्षांवरील वृद्धाला, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्तीला ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जाऊन जबाब घ्यायचा असतो.

तिसरी पायरी: तपास, आणि मधली शांतता

गुन्हा नोंद झाला की तपासी अंमलदार ठरतो. तो घटनास्थळी येऊन पंचांसमक्ष पंचनामा करतो, साक्षीदारांचे जबाब घेतो. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण आता बंधनकारक आहे. प्रकरण मोठे किंवा गुंतागुंतीचे असेल तर जालन्याहून स्थानिक गुन्हे शाखा येते. तिला लोक ‘एलसीबी’ म्हणून ओळखतात.

पंचनामा झाल्यानंतर बहुतेक वेळा काहीच ऐकू येत नाही. शेतकरी ठाण्यात जातो, साहेब बंदोबस्ताला गेलेले असतात. पुन्हा जातो, तपासी अंमलदार बदलून गेलेला असतो. चोर सापडला नाही याचे माणसाला दुःख असते. पण आपल्याला कुणी काही सांगतच नाही, याचा त्याला राग येतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सगळे चोर पकडणे कोणत्याही ठाण्याला जमत नाही. फिर्यादीला फोन करून ‘अजून काही हाती लागले नाही, शोध चालू आहे’ असे सांगणे मात्र प्रत्येक ठाण्याला जमते. आता तर कायद्यानेच ते सांगितले आहे: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 नुसार तपासाची प्रगती 90 दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची आहे. ते फोनवर किंवा संदेशाने कळवले तरी चालते.

पोलिसांची बाजूही इथे सांगायला हवी. कॉमन कॉज आणि लोकनीती यांच्या 2019 च्या देशव्यापी अहवालात पोलीस कर्मचारी दिवसाला सरासरी 14 तास काम करतात असे आढळले. आपल्या जिल्ह्यात यात्रा, उत्सव, निवडणुका, गोदावरीकाठची वाळूचोरी आणि आंदोलने यांचा बंदोबस्त याच मनुष्यबळातून होतो. 1 सप्टेंबर 2023 रोजी शेजारच्या अंबड तालुक्यात अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणाच्या आंदोलनात लाठीमार झाला. आंदोलक जखमी झाले, पोलीसही जखमी झाले, पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले आणि तत्कालीन गृहमंत्र्यांनी माफी मागितली. अशा एका दिवसाची छाया सगळ्या जिल्ह्याच्या ठाण्यांवर पडते. त्यानंतर मोटारचोरीची फिर्याद द्यायला आलेला माणूसही मनात थोडी अढी घेऊन येतो, आणि टेबलापलीकडचा अंमलदारही थोडा सावध असतो. ही अढी भाषणांनी जात नाही. पुढची फिर्याद नीट घेतली, तरच ती कमी होते.

चौथी पायरी: तपास कुठे संपतो

आरोपी सापडला आणि पुरावा जमला तर न्यायालयात दोषारोपपत्र जाते. नाही सापडला तर पोलीस अंतिम अहवाल देतात आणि महाराष्ट्रात त्याचे तीन प्रकार प्रचलित आहेत. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही. ‘ब’ समरी म्हणजे फिर्याद हेतुपुरस्सर खोटी. ‘क’ समरी म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा प्रकरण दिवाणी स्वरूपाचे. अशा अहवालाविरुद्ध फिर्यादीला न्यायालयात आपले म्हणणे मांडता येते. ‘ब’ समरीची नोटीस आली आणि ती दुर्लक्षिली, तर खोटी फिर्याद दिल्याबद्दल उलट कारवाई होऊ शकते. म्हणून न्यायालयाचा असा कागद आला की वकिलाला दाखवावाच. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी तालुका विधी सेवा समिती आहे.

मोटार सापडली तर ती मुद्देमाल म्हणून ठाण्यात पडून राहावी, असे नाही. मालकाने न्यायालयात अर्ज करून ती सुपुर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळण्याच्या हमीवर, मागावी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 मध्ये मालाचे वर्णन, छायाचित्र आणि चित्रीकरण 14 दिवसांत करून पुढच्या 30 दिवसांत त्याविषयी आदेश द्यावा असे सांगितले आहे. मोसंबीच्या बागेला उन्हाळ्यात पाणी द्यायचे असते तेव्हा हे दिवस मोजूनच पुढे जावे लागते.

नोंदच घेतली नाही तर

प्रथम ठाणे प्रभारींना भेटावे. तरीही नोंद झाली नाही तर फिर्याद लेखी स्वरूपात, टपालाने, जालन्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवावी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 च्या चौथ्या पोटकलमात हा मार्ग आहे. रजिस्टर्ड टपालाची पावती जपून ठेवावी. तिथेही काही झाले नाही तर कलम 175 च्या तिसऱ्या पोटकलमाखाली, प्रतिज्ञापत्रासह, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ते तपासाचा आदेश देऊ शकतात. हा क्रम उलटा करू नये. अधीक्षकांकडे गेल्याचा पुरावा न्यायालय विचारते.

मारहाण, बेकायदा कोठडी, गैरवर्तन अशी तक्रार खुद्द पोलिसांविरुद्ध असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या प्रकाशसिंह निकालाने अशा प्राधिकरणांचा आग्रह धरला आणि महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून ते आणले. पैसे मागितले असतील तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. ‘इतरांनीही दिले, आपणही देऊ’ या एका विचाराने पुढच्या दहा फिर्यादींचा दर ठरतो.

समाधान मोजायचे कसे

मोठी सर्वेक्षणे लोकांना विचारतात, तुमचा पोलिसांवर विश्वास आहे का. या प्रश्नात एक अडचण आहे. बहुतेक लोक कधी ठाण्यात गेलेलेच नसतात. ते ऐकीव गोष्टींवरून, बातम्यांवरून उत्तर देतात. घनसावंगीला खरे उत्तर हवे असेल तर मागच्या वर्षभरात ज्यांनी फिर्याद किंवा अर्ज दिला, त्यांनाच विचारायला हवे, आणि तेही पाच साध्या प्रश्नांत. तुमचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले का? नोंद झाली का, आणि ‘एनसी’ झाली असेल तर का, ते सांगितले का? प्रत किंवा पोच हातात मिळाली का? 90 दिवसांत कुणी कळवले का? कुणी पैसे मागितले का?

या पाचही प्रश्नांना ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर लागते. शेवटचा सोडला तर प्रत्येकाचे ‘हो’ ठाण्याच्या हातात आहे, त्यासाठी नवी इमारत किंवा नवी गाडी लागत नाही. ग्रामसभेत किंवा शांतता समितीच्या बैठकीत हे प्रश्न वाचले आणि हात वर करून मोजले, तरी ठाण्याला आणि गावालाही आपण कुठे आहोत ते कळेल. आपल्या पोलीस दलाचे ब्रीद ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ आहे. त्यात सज्जनांचे रक्षण आधी येते. दुर्जन हाती लागो वा न लागो, ठाण्यात आलेल्या सज्जनाचे ऐकून घेणे त्या पहिल्या शब्दातच आले.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात आणि ठाण्याच्या पायरीबद्दलही लोक तेच मानतात. पण जी फिर्याद नोंदलीच जात नाही ती चोराला पुढच्या शिवारात जायला मोकळी वाट करून देते. म्हणून पुढच्या वेळी ठाण्यात जाल तेव्हा मालाची पावती, साक्षीदाराचे नाव आणि फिर्यादीचे मुद्दे लिहिलेला कागद सोबत न्या, आणि परत येताना प्रत किंवा पोच घेतल्याशिवाय उठू नका. त्या कागदावर त्या दिवसाची तारीख आहे ना, एवढे तपासा आणि गुन्हा नोंद झाला असेल तर तिथून 90 दिवस मोजायला सुरुवात करा.